रिंगबाहेरची मावशी

बॉक्सिंग शिकवणारी मावशी रिंगबाहेरून एकच शब्द ओरडायची, "मार!"

फारसी बोलणारा शिष्य म्हणाला, "आमच्या भाषेत मार म्हणजे साप."

"मग ठेच त्याला!"

स्पॅनिशवाला म्हणाला, "आमच्याकडे समुद्र."

"मग लाटेसारखा आदळ, मेल्या!"

अंतिम सामन्यात तिच्या सख्ख्या भाचीची भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला. तरी पोरगी मावशीच्या हाकेची वाट बघत ठोसे खात राहिली. आणखी एक बसला असता तर डोळाच गेला असता. मावशीनं "मार" ओरडण्याऐवजी टॉवेल रिंगमध्ये भिरकावला आणि सामना सोडून दिला.

भाचीनं खाली उतरून तिच्या खांद्यावर सणसणीत ठोसा हाणला. "गुणांवर जिंकत होते ना मी!"

"दिसतंय ना दोन्ही डोळ्यांनी?" खांदा चोळत मावशी म्हणाली. "मग हाण अजून."