फोटो उपलब्ध नाही

आज सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीतला माणूस पेपर वाचत होता. वाळवंटातल्या एका जिहादी संघटनेच्या म्होरक्यांची रांग त्यात छापली होती. आधी संस्थापक, मग त्याचा जावई, मग जावयाचा सेनापती. तिघेही मारले गेलेले. चौथा नुकताच गादीवर बसलेला. त्याचा फोटो नव्हता, म्हणून नुसती काळी छायाकृती.

ती छायाकृती माझी आहे.

मी पेपरात नोकरीला होतो तेव्हा आमच्या चित्रकार दाभाड्यांना अशी एक आकृती हवी होती. त्यांनी आधी मुद्रितशोधक रफीकभाईंना हाक मारली, "या, जरा भिंतीशी उभे राहा." रफीकभाई हसले. "माझी नको, दाभाडे. मला रोज बसनं घरी जायचं असतं." मला त्यातलं काही कळलं नाही. फुकटात छापून येण्याच्या हौसेनं मीच पोट आत घेऊन उभा राहिलो.

तेव्हापासून प्रत्येक नवा म्होरक्या आधी माझ्यात येऊन बसतो. मेला की त्याला चेहरा मिळतो आणि मी एक घर पुढे सरकतो. माणसं संपतात, ती काळी जागा संपत नाही.

सलूनवाल्या दत्तानं कात्री थांबवून पेपरात डोकावलं. "साहेब, कान अगदी तुमचा दिसतोय की."

सगळे हसले, मीही हसलो. मग आरशात बघताना वाटलं, या खुर्चीत रफीकभाई असते, तर दत्ताचं वाक्य तेच राहिलं असतं आणि सलून एकदम गप्प झालं असतं.