मैसूरच्या शिंपीकाकांचे आभार मानायला गेलो आणि सगळे कपडे उसवून घेऊन आलो

बाबांच्या वर्षश्राद्धाची पानं उठली आणि आईने मला फैलावर घेतलं. "जगभर हिंडून ब्लॉग लिहितेस. त्या शिंप्याचे आभार मानायला मात्र तुला सवड नाही." हा शिंपी आमच्या घरात मी जन्मायच्या आधीपासून आहे. एकाहत्तरच्या युद्धाआधी बाबांच्या पलटणीला थंडीचे कोट मिळाले, ते दोन मापं मोठे. बाही पंजाच्या खाली लोंबायची, बोट बंदुकीच्या चापापर्यंत पोचायचं नाही. पलटणीत मैसूरकडचा एक मराठी शिंपी होता. त्याने दोन दिवस मशीनवरून न उठता सगळ्यांच्या बाह्या वर घेतल्या. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मी त्या कोटामुळे परत आलो, आणि त्याला साधं आभारी आहे म्हणायचं राहून गेलं.

हे मी ब्लॉगवर लिहिलं होतं. त्याखाली वसुधाताई नावाच्या मैसूरच्या एका वाचक शिक्षिकेने कळवलं, की त्यांच्या विठ्ठलमंदिरात भजनाला येणारे रामचंद्रकाका पलटणीत शिंपी होते, पलटणही तीच. वय ऐंशीच्या वर. "लवकर या, हल्ली विसरायला लागलेत," असंही होतं. मग मात्र मी दुसऱ्याच दिवशी बॅग भरली.

पुण्याहून मैसूर गाडीने करणार असाल तर एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका. आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीकांतने, केला आणि दावणगिरीला येईपर्यंत त्यांची पाठ धरली. तिथे मुक्काम टाका आणि सकाळी लोणी डोसा खा. एकावर थांबता येत नाही, हे आधीच मान्य करून बसा. पुढे तुमकूर, कुणिगल करत मद्दूरला आलो, तिथे वडा खाल्ला. दुपारी मैसूर. राहायला गोकुलममध्ये खोली घेतली होती. खोली स्वच्छ, मालकीणबाई प्रेमळ, पण सकाळी सहापासून गच्चीवर योग शिकायला आलेले चार परदेशी पाहुणे पाय मानेवर टाकून बसलेले. श्रीकांत त्यांच्याकडे बघून आपली धरलेली पाठ चोळत चहा प्यायचा.

दुसऱ्या दिवशी वसुधाताई आम्हाला काकांकडे सोडून शाळेत गेल्या. बाहेरच्या खोलीत पायाचं मशीन, भिंतीवर विठोबा, आणि मशीनवर काका. मी लक्ष्मी रोडवरून आणलेली शाल, नारळ पुढे केला आणि गाडीत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. देश, ऋण, वगैरे. काकांनी मध्येच हात वर केला.

"बेडा, बेडा. नको. मी काय युद्ध केलो नाही. गुंड्या लावलो. सत्कार सैनिकांचा करा."

एवढं बोलून गप्प. मी विचारत होते, ते मान हलवत होते. श्रीकांतने पुण्याहून आणलेला खास माइक त्यांच्या सदऱ्याला लावला, तर ते त्याची क्लिप कच्ची आहे म्हणाले. तासाभरात आमच्या पदरात पडलेली वीरगाथा ही एवढीच. काकू आतून म्हणाल्या, सकाळी उप्पिट खाल्लं की इडली ते ह्यांना आठवत नाही, तुम्ही युद्धाचं काय विचारता.  आता नाही तर कधीच नाही, हे मला, श्रीकांतला आणि काकूंनाही कळत होतं.

उठताना काकांनी शालीची किनार बोटाने चाचपली आणि त्यांचा चेहरा पडला. "ही शिवण आहे काय? कितीला घेतलात?" मी खरी किंमत सांगायची हिंमत केली नाही. त्यांनी सत्काराची शाल सरळ मशीनखाली घातली, किनार सगळी उसवली, आणि पाय हलवायला लागले. आणि मशीनबरोबर तोंड सुरू झालं. पलटणीचा तंबू, रेशनची डाळ, कोटांचा ढीग, गंजलेल्या सुया, सुभेदाराची जाडी. शाल संपली, काका गप्प.

आता मला युक्ती कळली. हात चालले तर तोंड चालतं. श्रीकांतला म्हटलं, पँट काढ.

पुढचे अडीच दिवस आम्ही मैसूरमध्ये काय पाहिलं विचाराल तर काकांची बाहेरची खोली. राजवाडा लांबून, गाडीतून. चामुंडीला खालूनच नमस्कार. तुम्ही असं करू नका. आम्ही रोज सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन हजर. माझे चार ब्लाउज, श्रीकांतच्या तीन पँटी, पाच सदरे, बॅगेची चेन, गाडीच्या सीटची कव्हरं. श्रीकांत काकूंच्या टॉवेलात बसून माइक सांभाळत होता. पँटी इतक्या आत घेतल्या गेल्या की त्याला मसाला डोसा अर्धा सोडावा लागला. संध्याकाळी खोलीवर येऊन रेकॉर्डिंग लावलं तर नुसती खडखड. तीन तास खडखड, मध्ये कुठेतरी "सुभेदार". मशीन बंद करा म्हणावं तर काका बंद. शेवटी मी शाळेतल्या पोरीसारखी वही घेऊन त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि लिहून घेतलं. त्रेपन्नाव्या वर्षी बोटाला घट्टा पडला.

त्यांना नावं फारशी आठवत नव्हती. मापं आठवत होती. छाती चाळीस, मान आखूड, तो गाणं म्हणायचा. छाती चौतीस, कोट घातला की दिसायचाच नाही, तो परत आला नाही. असं सांगताना मशीनचा वेग बदलत नसे. मीच लिहायची थांबायचे. बाबांचं नाव मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी खूप वेळ आठवून नाही म्हणून मान हलवली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी शेवटचा ब्लाउज. काकांनी मला उभं करून खांद्यावर टेप धरली आणि टेप तशीच ठेवून थांबले.

"डावा खांदा उतरता आहे गं तुझा. वडिलांचा?"

मी हो म्हटलं.

"छत्तीस छाती. हात लांब. सगळ्यांच्या बाह्या सारख्या घेतलो, त्याची डावी पाऊण इंच जास्ती घेतलो. नाहीतर बंदूक धरताना पंजावर उतरली असती."

 मी भोकाड पसरलं. काकू धावत आल्या, त्यांना वाटलं टाचणी टोचली. त्यांनी काकांना कानडीत झाडलं आणि मला हातात मैसूरपाक दिला.

घरी येऊन आता आठवडा झाला. खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल आणि डोसे. शिलाई काकांनी घेतली नाही, म्हणून काकूंच्या डब्यात गुपचूप ठेवून आले. वहीची एकशेवीस पानं टाइप करून झाली, त्यात एकतीस माणसं आहेत, बहुतेक मापानेच. ज्यांच्या घरात पलटणीतला कुणी म्हातारा असेल त्यांना एवढंच सांगते, प्रश्न विचारत बसू नका. त्याच्या हाताला त्याचं काम द्या आणि शेजारी बसा.

काल हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आभार मानलेस ना?"

मी वही चाळली. भाषण अर्ध्यात तुटलं होतं. नंतर पँटी होत्या, ब्लाउज होते, रडणं होतं. आभार कुठेच नव्हते. आईने जी नजर टाकली ती लिहिण्यासारखी नाही. तिने मलाच फोन लावायला लावला आणि माझ्या हातातून हिसकून घेतला. काकूंनी काकांना दिला. आईने आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाली, यांचं राहून गेलं होतं, म्हणून मी म्हणते, तुमचे फार उपकार आहेत.

मी स्पीकर लावला. काका म्हणाले, "शिंप्याकडे माणूस परत येतो तो कपडा नीट बसला नाही म्हणूनच. तुमचे मालक काही परत आले नाहीत. मी म्हटलो, बसला असेल."

"बसला होता हो," आई म्हणाली. "माणूस घरी आला."