गौरम्माच्या बांधावरची लाल ज्वारी

अहमदपूरकडून लोह्याला जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे, तिथं गौरम्मा राहायची. सात एकर रान, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, जीभ मात्र दहा माणसांच्या घराला पुरेल एवढी. गावात तिला मान होता तो एकाच गोष्टीचा. पेरणीचं ज्वारीचं बी तिच्या हातचं. मृगाआधी घराघरांतून बाया सूप घेऊन यायच्या आणि ती ओंजळीनं बी घालायची, पांढरंशुभ्र आणि टपोरं. बहात्तरच्या दुष्काळात तिनं तरोट्याची भाजी खाल्ली, रेशनवरचा लाल मिलो खाल्ला, पण बियाच्या कणगीला स्वतः हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. एका पाहुण्यानं त्यातलं थोडं दळायचा फारच आग्रह केला तेव्हा म्हणाली, "तुमी जेवून जाल वो, मग गावानं पेरायचं काय, तुमचं तोंड?"

तो मिलो म्हणजेच सगळ्या भानगडीची सुरुवात. त्या लाल ज्वारीची भाकरी गिळता गिळता गाव त्या मिलोला शिव्या घालत होतं, तेव्हा गौरम्माचा रानशेजारी वीरण्णा यानं दोन मुठी बाजूला काढल्या आणि पुढच्या पावसात पेरल्या. लाल ज्वारीला पाखरं कमी लागतात, असं तो सांगायचा. खरं कारण एवढंच, की सगळं गाव पांढरी पेरायचं. गाव पूर्वेला निघालं की वीरण्णा पश्चिमेला निघणार, हे त्याच्या बायकोलाही पाठ होतं.

दोन वर्षांनी गौरम्माच्या रानात, वीरण्णाच्या बाजूला, ज्वारीची पाच-सात ताटं, उभी धाटं, लाल कणसांची निघाली. आदल्या साली वाऱ्यानं तिकडचा पराग इकडं आणला होता. ती संतापली, कणसं मोडली आणि बांधावर भिरकावली. पुढच्या साली वाऱ्यानं पुन्हा तेच केलं, तिनंही तेच केलं. पण बघता बघता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. लाल लपून राहत नाही. असला की दिसतोच, आणि दिसला की मोडता येतो. म्हणून तिचं बी सगळी वर्षं पांढरंच राहिलं.

बांधावरची ती फेकलेली कणसं मात्र भलती भरदार असायची. वीरण्णा ती गुपचूप उचलून न्यायचा. फुकटचं कोण सोडतं? वाळवून तो ती आपल्या बियात मिसळायचा, आणि दरवर्षी त्याच्या लाल रानात पांढरी ताटं उभी राहायची; गौरम्मा बांधावरून हे सगळं बघत असायची. त्याला एकच उत्तर सुचायचं: ही बाई जळते, आपल्या रानात बी टाकून जाते.

ब्याऐंशीत लातूरचा जिल्हा झाला. त्या हिवाळ्यात तिथं शेतमालाचं प्रदर्शन भरलं आणि वीरण्णा नवं धोतर नेसून लाल ज्वारीची पिशवी घेऊन एस्टीत बसला. तपासणाऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर पसरले, आठ-दहा पांढरे बोटानं बाजूला सारले आणि पिशवी परत दिली. संध्याकाळी गावच्या मठापुढं चार माणसं बसलेली असताना वीरण्णा बोलला, "गौरम्मानं माझं बी नासवलं. भेसळ करणारीच्या हातचं बी तुमी पेरून राहिले!"

गौरम्मा हसण्यावारी नेणार होती. पण दुसऱ्या दिवशी मल्लम्मा, तिची सगळ्यात जुनी मैत्रीण, पाण्यावर भेटली आणि नजर चुकवून म्हणाली, "यंदा आमी अहमदपूरहून बी आणणार हाव." गौरम्मा रिकामी घागर घेऊन घरी परतली. बी न्यायला कुणी आलं नाही तर या गावात आपण कोण? सात एकरांची एक विधवा, बस्स. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती मठापुढं जाऊन उभी राहिली. "वीरण्णा, माझ्या बांधावरून उचललेलं एक कणीस घेऊन या. आढ्याला टांगलेलं हाय, मला ठावं हाय."

वीरण्णाचा चेहरा उतरला, पण सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? कणीस आलं. गौरम्मानं ते शाळेच्या बसवराज गुरुजींच्या हातात दिलं. दाणा न् दाणा लाल. "बघा, पांढरा एक तरी हाय का? यातले चाळीस दाणे गुरुजी मोजतील, मठाच्या विहिरीवर लावतील, राखणीला वीरण्णा बसतील. मी तिकडं फिरकणार न्हाई."

माघात दाणे लावले. वीरण्णा खरंच राखणीला बसला, विहिरीपाशी बाज टाकून. वैशाखात कणसं भरली तेव्हा आख्खं गाव विहिरीवर लोटलं. एकोणतीस ताटं लाल, अकरा पांढरी. वीरण्णानं स्वतः तीनदा मोजली.

"आता सांगा," गौरम्मा म्हणाली, "राखणदार झोपला होता का?"

मग तिनं लुगड्याच्या ओच्यातून दाणे काढले, प्रत्येक मुठीत एक लाल, एक पांढरा. "दरेक ताटाला दोन वाटे असतात, एक आईकडला, एक बापाकडला. माझ्या बांधावरच्या कणसाची आई माझी पांढरी, बाप वीरण्णाचा लाल. लाल दांडगा. घरात सासू असली की सुनेचा आवाज येतो का? म्हणून काय सून घरात नसती?" बायांमध्ये हशा पिकला, सासवा सोडून. "पुढच्या पिढीची आईबी असलंच ताट, बापबी असलंच; आई एक वाटा देती, बाप एक देतो. लाल-लाल, लाल-पांढरा, पांढरा-लाल, हे तिन्ही दिसाय लालच. पांढरा-पांढरा जुळला, तरच पांढरं. चारांत एक."

बसवराज गुरुजी म्हणाले, "पुस्तकात याला प्रभावी आणि अप्रभावी म्हणतात, गौरम्मा."

"म्हणू द्या. पुस्तकानं माझं ऐकलं हेच लई झालं."

वीरण्णा खाली बघत होता. तो पुटपुटला, "म्हंजे सात-आठ वर्षं मीच माझ्या रानात पांढरी पेरून राहिलो?"

"हाव. तीबी माझ्या बांधावरून चोरून. एकेका लाल कणसाचं बी येगळ्या तासात, येगळ्या ओळीत लावा. ज्या तासात एकबी पांढरं निघणार न्हाई, तेवढंच राखा."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला सांगू नका. चार माणसांत बोललात, गावाला सांगा."

मृगाला आठ दिवस होते. सकाळी व्यंकट कोतवाल हलगी घेऊन गल्लीगल्लीत फिरला आणि त्याच्यामागं, नवं धोतर नेसून, मान खाली घालून वीरण्णा. "ऐका हो ऐका! गौरम्मानं कुणाच्या रानात बी टाकलं न्हाई हो! लालच्या पोटात पांढरी असती हो! वीरण्णाला कळाया सात-आठ वर्षं लागली हो!" हे शेवटचं वाक्य व्यंकटनं आपल्या मनानं घातलं होतं. हलगी गौरम्माच्या दारात आली तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती, डोळे भरलेले. तिनं पदरानं ते पुसले आणि म्हणाली, "व्यंकट, नीट ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला वीरण्णाही त्याच्याबरोबर म्हणाला.