शेवटची पांदण

फोन आला तेव्हा मी अकोल्याला शाळेत शिकवत होते. "मोठेबाबा गेले..." भाऊ एवढंच बोलला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. केनवडकडचे शेतकरी आणि एकदाच निवडून आलेले आमदार. ते गेल्यापासून जो तो त्यांना ‘साधा माणूस’ म्हणतो आहे. साफ खोटं! ते महाहट्टी होते, आणि मला त्या हट्टाचाच अभिमान आहे.

विधानसभेत ते शेताच्या रस्त्यांवर, पांदणींवरच बोलत. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पांदणीतून बैलगाडी निघत नाही, शेतात पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस खाटेवर घालून आणावा लागतो, हे पुनःपुन्हा सांगत. लोक ‘चिखल आमदार’ म्हणून हसले. "हसू दे. त्यायच्या पायाले कुठं लागला हाये चिखल?" असं म्हणत त्यांनी एकेक पांदण पक्की करून घेतली. आमची मात्र तशीच. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "पोरी, वाढणाऱ्यानं पंगतीत शेवटी बसा लागते. अजून रहीमभाईची बाकी हाये." रहीमभाई म्हणजे जवळच्या मालेगावात दुकान असलेले आमचे शेतशेजारी, आणि निवडणुकीत यांच्याविरुद्ध गावभर फिरलेले! पुढच्या निवडणुकीत मोठेबाबा पडले, रहीमभाईंची पांदण राहिली. म्हणून आमचीही राहिली.

अंत्यविधी शेतातच करायचा होता. श्रावणातला चिखल, आणि पुढारी येणार म्हणून सकाळीच मुरमाचा टिप्पर हजर. मोठेबाबांजवळ बसलेली त्यांची बायको, आमची मोठी आई, तशीच उठली आणि टिप्परसमोर जाऊन उभी राहिली.

"परत न्या. जितेपणी नाई घेतला त्यायनं. मेल्यावर त्यायची जबान मोडता का?"

"पण काकू, साहेबांच्या गाड्या फसतील..." टिप्परवाला म्हणाला.

"मंग साहेबायले पायी येऊ द्या."

आले! पांढरेशुभ्र कपडे, हातात बूट, पोटरीपर्यंत चिखल. पहिला खांदा रहीमभाईंनी दिला. ते रडत होते, मीही रडत होते, पण मान ताठ होती.

आता आमची पांदण मंजूर झाली आहे, मोठेबाबांच्या नावाची पाटीही लागणार म्हणतात. मोठ्या आईनं मोजायला आलेल्यांना बजावलं, "आधी रहीमभाईचा रस्ता. मंग आमचा. अन् पाटी नको."

पांदणीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या खिळ्याला चपला अडकवून मोठेबाबा अनवाणी शेतात जात, आमदार असतानाही. शेवटच्या दिवशी अडकवलेल्या चपला अजून तिथेच आहेत. कुणी काढत नाही. परवा मी माझ्याही त्यांच्या शेजारी अडकवल्या आणि चिखलात उतरले.