चार पोल, तार नाही

आई आणि आबा कोयत्यावर जायचे. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. दिवाळी झाली की कारखान्याच्या फडावर, आणि उन्हाळ्यात परत. मधले पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. मी आधी मावशीकडे राहिलो, मग होस्टेलवर. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला मीच. इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगतो. पुढचं सांगताना मात्र आवाज खाली येतो.

शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आबांचा फोन आला. तलवाड्याकडे एक जण शेताचे प्लॉट पाडून विकत होता. आईला आता कोपी नको होती. पक्कं घर आणि त्यात एक पंखा, एवढंच तिचं मागणं.

"दोन गुंठे हाय. रोडपासून जरा आत हाय, पण लाईटीचे पोल हायेत. चार. म्या सोता मोजले."

"पोल असतील तर घ्या, आबा."

एवढंच बोललो. पोरगा लाईटीचं शिकतोय, तो म्हणाला म्हणजे झालं. बैलजोडी विकली, साठवलेलं मोडलं आणि आबांनी चार लाखांना प्लॉट घेतला.

पुढे मला वीज कंपनीत नोकरी लागली. पहिली पोस्टिंग लांब मिळाली. बदली होऊन या भागात आलो तेव्हा घर उभं होतं आणि मीटरचा अर्ज दोनदा परत आला होता. आबांनी मला सांगितलंच नव्हतं. पोराच्या नोकरीला कशाला त्रास, म्हणून.

मी जाऊन पोल बघितले. आठ मीटरच्या पोलला दीड मीटरचा खड्डा लागतो. हे जेमतेम दोन फूट खोल रोवलेले. सिमेंट तडकलेलं. हाताने ढकलला तर पोल हलला. तारेचा पत्ता नाही. कुठल्याही पोलवर कंपनीचा नंबर नाही. भंगारातले पोल आणून गिऱ्हाइकाला दाखवायला उभे केले होते.

"डोक्यावरून एवढी मोठी तार गेलीय की," आबा म्हणाले.

ती अकरा हजार व्होल्टची लाइन. माजलगावच्या कालव्याला जशी घरची तोटी बसवता येत नाही, तशी त्या तारेवरून घराला लाईट देता येत नाही. मध्ये डीपी लागते, म्हणजे दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर. तिथून पोल आणि तार. आणि घर शेवटच्या पोलपासून वायरच्या टप्प्यात पाहिजे. आमच्या घराजवळ यातलं काहीच नव्हतं.

प्लॉटवाल्याकडे गेलो. गावात त्याला सगळे दादा म्हणतात.

"दादा, लाईट देतो म्हणून प्लॉट विकले तुम्ही."

"पोल दिलते का न्हाई?"

"तार कुठंय?"

"तार देतो म्हणून खरेदीखतात कुठं लिवलंय ते दाखवा, साहेब. तुमी तर शिकलेले."

खरेदीखत मी तीनदा वाचलं. त्यात पोलचंसुद्धा नाव नव्हतं.

त्या लेआउटमध्ये नऊ घरं. आठ घरांत लाईट होती. शेजारच्या शेताच्या लाइनवर चोरून आकडे टाकलेले. ती लाइन शेतीपंपाची, तिच्यावरून घराला मीटर मिळत नाही. अंधारात होतं ते फक्त इंजिनिअरच्या बापाचं घर. आई एकदा म्हणाली, "टाका की एक आकडा. सगळ्यांचेच हायेत." आबा म्हणाले, "पोरगं आकडे काढीत फिरतंय, आन् बाप टाकीत बसू का?"

मी अंदाजपत्रक काढलं. नवी डीपी, सात पोल, तार. पाच लाख पंचाऐंशी हजार. म्हणजे एकट्याने करायचं तर प्लॉटपेक्षा लाईट महाग. नऊ घरांनी मिळून केलं तर घरटी पासष्ट हजार. मी घरोघर फिरलो. रज्जाकभाई रिक्षा दुरुस्त करतात. त्यांनी तोंडावरच सांगितलं, "तुमच्या आबाला लाईट पायजे, तर आमी कावून पैसे भरायचे, साहेब? आमची तर चालू हाय."

मग ऑफिसात माझ्या वरच्या साहेबांनी बोलावलं.

"त्या लेआउटवर आकडे काढायची मोहीम घ्यायची आहे. जाशील का, की दुसऱ्याला पाठवू?"

"मीच जातो, सर."

आठ आकडे मी उभा राहून काढायला लावले. बायका बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. "लई मोठा साहेब झालास बे, कोपीतला तू," हे एका म्हाताऱ्याचं त्यातल्या त्यात सभ्य. आबा दारात उभे होते. ते आत गेले. आठ दिवस गल्लीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

नवव्या दिवशी रज्जाकभाई ऑफिसला आले. "गर्मीत पोरं झोपंनात. वाटा कुठं भरायचा ते सांगा. बाकीच्यांना मी बघतो." आणि त्यांनी बघितलं. माझ्यापेक्षा त्यांचा शब्द गल्लीत जास्त चालला. आमचा वाटा मी पगारावर कर्ज काढून भरला.

घरचा मामला म्हणून मंजुरीच्या कागदावर मी सही केली नाही. ती साहेबांनी केली. आम्ही काम करून घेतलं ते स्वखर्चाच्या पद्धतीने. म्हणजे पैसे ग्राहकाचे, देखरेख कंपनीची, आणि लाइन चालू झाली की ती कंपनीच्या मालकीची. मग त्या लाइनवरून कुणीही कनेक्शन मागू शकतो. नियम मला पाठ होता. त्याचा अर्थ लाइन चालू झाल्यावर आठवड्याभरात कळला. दादाने रोडला बोर्ड लावला : 'लाईटसह प्लॉट'. उरलेल्या प्लॉटचा भाव लाखाने वाढवला. त्याला एक रुपया खर्च आला नव्हता.

एक गिऱ्हाईक चौकशीला माझ्याच टेबलाशी आलं.

"साहेब, तिथं खरंच लाईट हाय का?"

"आहे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

प्लॉट बघायला जाल तेव्हा पोल मोजू नका. पोलवर नंबर आहे का, तार कुठल्या डीपीवरून येते, ते बघा. तार नसेल तर तिचा खर्च प्लॉटच्या भावात धरा. आणि घरात कुणी इंजिनिअर असेल तर त्याला फोनवर विचारू नका, जागेवर घेऊन जा.

नऊ घरांत नऊ मीटर बसले. त्यातला एक आमचा.