दुसऱ्यांदा वाढायचं नाही

मला नाटकात बोलायचं काहीच नव्हतं. ॲप्रन बांधून मोठ्या पातेल्यामागे उभं राहायचं, रांगेतल्या प्रत्येक मुलाच्या वाडग्यात एकेक पळी रव्याची पेज घालायची, आणि माझी भाची रिकामा वाडगा घेऊन परत आली की तिला द्यायचं नाही. एवढंच. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला जर्मनीतल्या एर्लांगेनच्या शाळेत याहून सोपं काम कुणी काय दिलं असतं.

मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते, भावजयीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. भावाने तिकीट पाठवलं, थंडीचे बूट घेऊन दिले, विमानतळावर फुलं घेऊन उभा राहिला. धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, इथे संशोधक. त्याच्या घरात माझ्यामुळे काही बिघडू नये म्हणून मी नळसुद्धा हळू सोडायची.

शाळेने प्रत्येक घराकडून काहीतरी मदत मागितली होती. भावजयीला आठवा महिना, भाऊ दिवसभर प्रयोगशाळेत. फॉर्मवर त्याने 'स्वयंपाक' लिहून टाकलं. म्हणून मी पेज करून बसने शाळेत नेली. भाचीच्या बाईंनी मला पातेल्यामागे पळी घेऊन उभी पाहिलं आणि टाळ्या वाजवून काहीतरी म्हणाल्या. भावाने घरी सांगितलं, "तुला स्टेजवरच ठेवलंय, ताई. तू अगदी खरी वाटतेस म्हणे."

नाटक एका जुन्या इंग्रजी सिनेमावरून होतं. भावाने तो एका रविवारी दाखवला, जर्मन आवाजातला. राणीच्या काळातल्या कुठल्याशा जाडजूड कादंबरीवरून गाण्यांचा सिनेमा केलेला, असं तो म्हणाला. संवाद मला एकही कळला नाही. पण अनाथ पोरं रांगेने जेवायला येतात, चांगल्याचुंगल्या पदार्थांची गाणी म्हणतात आणि वाडग्यात पातळ पेज पडते, हे कळायला भाषा कशाला हवी. मग त्यातलं एक लहानसं पोर उठतं आणि अजून मागतं.

"पातेल्यात आहे की अजून," मी म्हटलं. "देत का नाहीत?"

"नियम आहे, ताई."

"कुणाचा?"

"आल्झो... म्हणजे, त्यांचाच. पुढे बघ ना."

ते मागणारं पोर आमच्या नाटकात भाची होणार होती. चौथीतली मुलगी, पण आवाज चांगला म्हणून तिला निवडलं होतं. केस टोपीत कोंबून ती घरभर गाणं म्हणत हिंडायची.

पहिल्या तालमीत ती वाडगा घेऊन माझ्यापुढे आली. मान वर करून, हळू आवाजात तिने आपलं वाक्य म्हटलं. मी पळी भरली आणि तिच्या वाडग्यात ओतली. मला वाईट काही वाटलंसुद्धा नाही. आमच्या विहारात पौर्णिमेला खीर वाढायचं काम वर्षानुवर्षं माझंच. पानातलं संपत आलं की मागायच्या आधी वाढायचं, समोरच्याने हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून थेंबभर सोडायचं. हात तेच करणार.

आधी कुणीच हसलं नाही. मग मागच्या एका मुलानेही वाडगा पुढे केला. मी त्यालाही वाढलं. मग मात्र सगळी हसत सुटली.

बाईंनी थांबवून भाचीला माझ्याशी बोलायला सांगितलं. एरवी ती माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. कान लाल करून म्हणाली, "आत्या, तू नाही दे."

दुसऱ्यांदा हात अर्ध्यावर गेला. तिसऱ्यांदाही.

घरी भाऊ हसून हसून दमला. "अगं, त्या पोराला पोटभर मिळालं तर तो जेवून झोपेल. मग पुढची गाणी कोण म्हणणार?"

भाची ताटावरून उठली. "आत्या माख्ट आलेस कापुट," असं आईला म्हणाली आणि खोलीत गेली. बिल्डिंगची लिफ्ट आठवडाभर बंद होती तेव्हा तिच्या दारावर 'कापुट' असं लिहिलेलं भावाने मला वाचून दाखवलं होतं. त्यामुळे मला कळलं.

"मुलं बोलतात हो ताई, मनावर घेऊ नका," भावजय म्हणाली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला उभं करा. पण नाटकातल्या नावांची यादी छापून झाली होती. आणि बाईंना नाही कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं, कुठल्याच भाषेत.

दुपारी भावजयीने माझा सराव घ्यायला सुरुवात केली. ती ओट्याशी स्टूल घेऊन बसायची, वाटी पुढे करून म्हणायची, "ताई, अजून." आठव्या महिन्यातल्या बाईला नाही कसं म्हणायचं. मी वर तूपही घालायची. ती हसायची, "तुमचं काही खरं नाही." मीही हसायची. पण पोरीने महिनाभर घोकलेलं माझ्या एका हातामुळे जाणार होतं.

खरं तर 'नाही' म्हणणं मला येत होतं. आई कामावर जाऊ लागली म्हणून मी शाळा सोडली, तेव्हा भाऊ चार वर्षांचा होता. दुपारी त्याला वाढल्यावर रात्रीची भाकरी मी टोपलीखाली झाकून ठेवायची. तो ताटली वर धरून उभा राहायचा. मी त्याच्याकडे बघायची नाही. टोपलीच्या काठाकडे बघत राहायची, तो कंटाळून जाईपर्यंत. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

नाटकाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. भाऊ तिसऱ्या रांगेत. वाढून झालं. भाची रांगेतून बाहेर आली, वाडगा वर धरला, वाक्य म्हटलं. मी पळी पातेल्यात सोडली आणि पातेल्याच्या काठाकडे बघत राहिले. कुणाचे तरी वडील अनाथालयाचे अधिकारी झाले होते, ते ओरडत आले आणि तिचा कान धरून तिला घेऊन गेले. ती माझ्या हाताच्या अंतरावरून फरफटत गेली आणि मी काठाकडे बघत राहिले. मग आतून तिचं गाणं आलं. एकही सूर चुकला नाही.

पडदा पडल्यावर ती धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. "आत्या, डू वार्स्ट रिष्टिश ब्योझं." म्हणजे, अगदी दुष्ट दिसलीस. ती इतकी खूश होती की मीही हसले.

भाऊ कोट हातात घेऊन मागे उभा होता. "आत्याला येतं ते," तो म्हणाला.

"वीझो?" तिने विचारलं, कसं काय म्हणून.

तो पातेलं उचलायला वाकला. चार वर्षांच्या पोराला काही आठवत नसतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

बसमध्ये पातेलं त्याच्या मांडीवर होतं. तळाशी पेज उरली होती, वर साय धरलेली. भाची टोपी काढून त्याच्या खांद्यावर झोपली होती. मला त्याला विचारायचं होतं. मी विचारलं ते एवढंच, की घरी गेल्यावर ही पेज गरम करू का. तो खिडकीबाहेर बघत होता. "कर," म्हणाला.