साबणाचं पातं

कारखान्यात त्यांना सगळे घासूमामा म्हणत. विमानाच्या इंजिनात फिरणाऱ्या पात्यांच्या कडा हातानं घासून गुळगुळीत करायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्ती तोंडावर आली तशी मामींनी भुणभुण लावली, "उभा जन्म काय घासलंत, ते एकदा डोळ्यांनी बघू तरी द्या!"

पण तिथून पातं बाहेर नेता येत नसे. बिघडलेलं पातंही चुकून कुठल्या विमानात लागू नये म्हणून करवतीनं कापून टाकत.

शेवटच्या रविवारी मामा साबणाची नवी वडी घेऊन खिडकीशी बसले. बोटांनी चाचपत, कानशीनं त्यांनी तिला हुबेहूब पात्याचा बाक दिला आणि मामींच्या तळहातावर ठेवली.

"अगं बाई, एवढंसंच?" मामींनी कडेवरून अंगठा फिरवला. कुठंच टोचलं नाही. मग त्यांनी मामांचा खरखरीत पंजा हातात घेतला. "सगळा गुळगुळीतपणा तिकडंच देऊन आलात होय?"

मामा लाजले. "धू आता हात. साबणच आहे शेवटी."

"वा! आणि विमान पडलं म्हणजे?" असं म्हणत मामींनी पातं आरशापुढं मांडलं, आणि हात धुवायला जुनाच झिजलेला तुकडा घेतला.